एसईएम, डायरी स्टडी की मुलाखती? औद्योगिक मानसशास्त्रात पुढचं काय शिकावं

एम.ए. झालं, एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये टी-टेस्ट आणि रिग्रेशन जमतं, आता पीएच.डी. करायची आहे किंवा कंपनीत पीपल अ‍ॅनालिटिक्सकडे (कर्मचाऱ्यांच्या माहितीच्या विश्लेषणाकडे) वळायचं आहे. अशा वेळी मुंबईत हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘अमॉस शिकून घे’. मी तो सरसकट देणार नाही.

अमॉस या सॉफ्टवेअरवर जे करतात ते एसईएम, म्हणजे स्ट्रक्चरल इक्वेशन मॉडेलिंग: थेट न मोजता येणारे घटक आणि त्यांच्यातले संबंध एकाच मॉडेलमध्ये तपासायची पद्धत. त्याची खरी ताकद मोजमापात आहे. कामाचा थकवा किंवा वरिष्ठांचा आधार थेट मोजता येत नाही, प्रश्नांवरून ताडावा लागतो. एखादी इंग्रजी प्रश्नावली तुम्ही मराठीत आणणार असाल, तर मराठीतले प्रश्न तेच घटक मोजतात का, हे तपासायला कन्फर्मेटरी फॅक्टर अ‍ॅनालिसिस (एसईएमचाच एक भाग) यायलाच हवं. पण बहुतेक प्रबंधांत होतं काय, तर एकाच माणसाकडून एकाच बैठकीत ताण, आधार आणि नोकरी सोडायची इच्छा, सगळं भरून घेतात आणि मग त्यांच्यात कारण-परिणामाचे बाण काढतात. उत्तरं जुळतात त्यात माणूस एकच आणि मनःस्थिती एकच असण्याचाही वाटा असतो. पॉडसाकॉफ आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये या दोषाचा सविस्तर आढावा घेतला होता. बाण काढल्याने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही.

डायरी स्टडीत प्रश्नच बदलतो. समजा, 80 जणांना सलग 10 कामाच्या दिवशी रोज संध्याकाळी पाच-सहा प्रश्न विचारले. ‘विरारहून चर्चगेटला जाणारा माणूस दादरला राहणाऱ्यापेक्षा जास्त थकतो का?’ हा एक प्रश्न. ‘ज्या दिवशी लोकल रखडली, त्या दिवशी तोच माणूस स्वतःच्या एरवीच्या पातळीपेक्षा जास्त थकला का?’ हा दुसरा. दोन्हींची उत्तरं परस्परविरुद्धही निघू शकतात, आणि एकदाच भरलेल्या फॉर्ममधून दुसऱ्याचं उत्तर मिळत नाही. या 800 नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र नसतात, एकाच माणसाच्या नोंदी एकमेकींसारख्या असतात. म्हणून इथे साधं रिग्रेशन चालत नाही, मल्टिलेव्हल मॉडेलिंग, म्हणजे माणूस आणि त्याच्या नोंदी असे स्तर वेगळे धरणारं विश्लेषण लागतं. आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधलं एलएमई4 (lme4) हे पॅकेज त्यासाठी पुरेसं आहे आणि फुकट आहे. कोणी दोन दिवस फॉर्म भरला नाही, तरी त्या माणसाच्या बाकीच्या नोंदी वापरता येतात. अवघड भाग गणिताचा नाही. गर्दीच्या डब्यात उभ्याने भरता येईल इतका छोटा फॉर्म बनवणं आणि लोकांना शेवटच्या दिवसापर्यंत टिकवणं, कस तिथे लागतो. कंपनीतही हे कौशल्य कामी येतं, कारण तिथे कर्मचारी टीममध्ये आणि टीम शाखेत असतात. मॉडेल तेच.

मुलाखतींचा रस्ता सोपा समजून निवडू नका. ब्राउन आणि क्लार्क यांची 2006 ची थिमॅटिक अ‍ॅनालिसिसची, म्हणजे मुलाखतींतली अर्थसूत्रं (थीम) शोधण्याच्या पद्धतीची, मांडणी वाचायला सोपी आहे, करायला नाही. एका तासाची मुलाखत उतरवून काढायलाच कित्येक तास जातात, आणि विचारलेल्या प्रश्नांची शीर्षकं म्हणजे थीम नव्हेत. पण काम नव्या प्रकारचं असेल, तर याला पर्याय नाही. अ‍ॅपवर चालणाऱ्या डिलिव्हरीवाल्याला ‘तुमचे वरिष्ठ तुम्हाला समजून घेतात का?’ असं विचारून काय कळणार? त्याला काम अ‍ॅप वाटून देतं. आधी काम समजून घ्यायची ही रीत जुनी आहे: 1953 मध्ये संशोधक ए. के. राइस यांनी अहमदाबादच्या कॅलिको कंपनीच्या मिलमध्ये आधी स्वयंचलित मागांवरच्या कामाची वाटणी बारकाईने पाहिली, मग छोट्या गटांची कल्पना मांडली, आणि कामगारांनी आपले गट आपणच बांधले. मुलाखत हिंदी-मराठी मिसळून झाली असेल, तर कोडिंगही (उत्तरांच्या तुकड्यांना अर्थाची लेबलं देणं) त्याच भाषेत करा. आणि चारजणांच्या टीममध्ये नाव काढून टाकलं तरी वाक्यावरून माणूस ओळखू येतो, याची काळजी घ्या.

पीएच.डी.साठी वेळ आहे आणि लोकांपर्यंत पोच आहे, तर माझी पसंती मल्टिलेव्हल आणि डायरीला. प्रश्नावली मराठीत आणायची असेल, तर एसईएम. मोजायचं काय हेच ठरलेलं नसेल, तर आधी मुलाखती.

कुठे शिकावं, हे त्यानंतर. देवनारची टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था), कलिन्यातला मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्र विभाग, पवईची आयआयटी, किंवा घरबसल्या ‘स्वयं’ हे सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ. प्रवेश घेण्याआधी होणाऱ्या मार्गदर्शकांना दोन गोष्टी विचारा: तुमच्या विद्यार्थ्यांना माहिती गोळा करायला कंपन्यांत प्रवेश कसा मिळतो, आणि मॉडेल अडलं तर विभागात बसून ते सोडवणारं कोण आहे?