क्यूबसॅटची बॅटरी: पाऊच घ्यावा की १८६५०?

कॉलेजात क्यूबसॅट, म्हणजे घनाच्या ठरावीक मापात बसणारा छोटा उपग्रह, बनवणाऱ्या प्रत्येक टीमची पॉवरवाली मंडळी कधी ना कधी इथे येऊन अडतात. सौर पॅनेल ठरलेली असतात, चार्जिंगचं सर्किट चालू झालेलं असतं आणि मग वाद सुरू होतो सेलवरून. मऊ पाकिटातले चपटे लिथियम पॉलिमर पाऊच घ्यायचे, की स्टीलच्या डब्यातले दंडगोल १८६५० (१८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब)? आम्ही दोन्ही लावून पाहिले, म्हणून हे लिहितोय.

जागेच्या हिशेबात पाऊच पुढे आहे, यात वाद नाही. ९० बाय ९६ मिलिमीटरच्या सर्किट बोर्डावर तो सपाट झोपतो. १८६५० आडवा ठेवला तरी १८ मिलिमीटर उंची गेलीच, शिवाय गोल सेलांमधल्या फटी वाया जातात त्या वेगळ्याच. १-यूच्या, म्हणजे दहा सेंटिमीटरच्या एका घनाएवढ्या, उपग्रहात पेलोडवाले (मोहिमेचं मुख्य उपकरण बनवणारे) एकेका मिलिमीटरसाठी भांडतात, त्यांना हे पटवणं सोपं नाही. वजनातही पाऊच थोडा हलका पडतो, कारण त्याला स्टीलचा डबा नसतो.

आमचं मत फिरलं ते नेमकं या डब्यामुळेच.

जमिनीवर पाऊचला बाहेरून हवेचा दाब मिळतो आणि त्या दाबाने आतले थर एकमेकांना चिकटून राहतात. निर्वातात तो आधार जातो. चाचणीच्या निर्वात चेंबरमधली हवा काढली की आतला वायू आणि इलेक्ट्रोलाइटची वाफ पसरते आणि पाऊच तव्यावरच्या फुलक्यासारखा टम्म फुगतो. काचेतून हे नीट दिसतं. हवा परत आत सोडली की तो बसतो, आणि बाहेर काढल्यावर वरवर पाहणाऱ्याला काही झालंय असं वाटतही नाही. पण थर सुटे झाले की आतला रोध वाढतो, आणि टॅबच्या (सेलमधून बाहेर येणाऱ्या धातूच्या पट्टीच्या) मुळाशी दर वेळी ताण येतो तो निराळा.

उपाय आहे, आणि तो लागू पडतो: दोन कडक पट्ट्यांमध्ये सेल दाबून धरायचा. आमचा सेल त्या ब्रॅकेटमध्ये व्यवस्थित राहिला. कटकट पुढेच होती. विद्यार्थ्यांच्या उपग्रहात एकावर एक बसवलेल्या बोर्डांची चळत सारखी उघडावी लागते. कधी एखादा कनेक्टर ढिला असतो, कधी दुसऱ्याच बोर्डावरचा सेन्सर बदलायचा असतो. आमच्या रचनेत चळतीचे बोल्टच ब्रॅकेटवर दाब देत होते, त्यामुळे ती उघडली की सेलवरचा दाब सुटायचा. पुन्हा आवळताना तो आधीइतकाच आला याची खात्री कोण देणार? टॉर्क रेंच होता, तरी बोर्डांमधला स्पेसर किंचित सरकला की गणित बदलायचं. मग आधीची निर्वात चाचणी धरायची की नाही, यावर पुन्हा चर्चा, पुन्हा चेंबरची वेळ मागणं. बॅटरीला हात न लावताही बॅटरीची चाचणी नव्याने करावी लागणं आम्हाला परवडणारं नव्हतं.

१८६५०मध्ये हा प्रश्नच येत नाही. आतली गुंडाळी डब्याने धरलेली असते, बाहेर हवा असो वा नसो. चांगल्या सेलच्या टोपणात दाब वाढल्यावर प्रवाह तोडणारी यंत्रणा आणि वायू बाहेर सोडणारा व्हेंटही असतो. उपग्रह आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून सोडायचा विचार असेल, तर तिथे अंतराळवीरांच्या सुरक्षेसाठी नियम फार कडक आहेत, आणि या गोष्टी कामी येतात.

आयुष्याचं म्हणाल, तर ५००-६०० किलोमीटर उंचीवर साधारण ९५ मिनिटांत एक प्रदक्षिणा होते. दर प्रदक्षिणेत बॅटरी उन्हात चार्ज होते आणि पृथ्वीच्या सावलीत वापरली जाते. म्हणजे दिवसाला अशी पंधरा चक्रं, वर्षाला जवळपास साडेपाच हजार. दर सावलीत क्षमतेच्या २०-३० टक्क्यांपेक्षा जास्त काढू नका, मग सेल कुठलाही असला तरी तगण्याची शक्यता बरीच वाढते. तरी मला धीर देणारं उदाहरण दंडगोल सेलांचंच आहे. युरोपचा प्रोबा-१ हा छोटा उपग्रह ऑक्टोबर २००१मध्ये आपल्या पीएसएलव्हीवरून श्रीहरिकोट्यातून गेला. बाजारात मिळणाऱ्या अशाच छोट्या सेलांची बॅटरी त्यात होती. मोहीम दोन वर्षांची ठरली होती. तो वीस वर्षांनंतरही काम करत होता.

१८६५०चा त्रासही सांगायला हवा. निकेलच्या पट्ट्यांचं स्पॉट वेल्डिंग नीट जमलं नाही तर व्हायब्रेशन टेस्टमध्ये जोड सुटतो, तेव्हा ते सरावाच्या हातानेच करून घ्या. आणि बाजारात नकली माल भरपूर आहे. या आकाराच्या खऱ्या सेलची क्षमता ३,५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास संपते. वेष्टनावर ९,९०० छापलेलं दिसलं तर तो सेल हातातही घेऊ नका.

तुमचं पेलोड खरंच उंच असेल, मोहीम काही महिन्यांचीच असेल, तर पाऊच चुकीचा ठरेल असं मी म्हणणार नाही. फक्त ब्रॅकेट असा करा की सेल आणि पट्ट्या मिळून एक बंद पेटी होईल, आणि चळत उघडली तरी ती पेटी उघडावी लागणार नाही. बाकी कुणालाही मी १८६५०च सुचवेन. लागतात त्याच्या दुपटीहून जास्त सेल एकाच लॉटमधून मागवा, सगळ्यांची क्षमता आणि रोध मोजा, आणि जुळणाऱ्या जोड्या उड्डाणासाठी बाजूला काढून ठेवा.