ऑलिंपस ट्रिप ३५ : आठ महिने, १९ रोल

हा कॅमेरा १९६७ साली बाजारात आला आणि १९८४ पर्यंत बनत राहिला. माझ्याकडे आलेला अर्थातच वापरलेला. आठ महिन्यांत त्यात फिल्मचे १९ रोल घातले, जवळजवळ सगळे रस्त्यावरच संपवले.

बॅटरी लागतच नाही, ही मोठी सोय. लेन्सभोवती बारीक बुडबुड्यांसारखी काच दिसते, तिच्यामागे उजेडावर वीज तयार करणारा सेलेनियमचा सेल आहे. त्यावर उजेड पडला की उजेड मोजणाऱ्या मीटरचा काटा हलतो आणि ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक किती उघडायचं ते, आपोआप ठरतं. शटरचे वेग दोनच: १/२०० आणि १/४० सेकंद. उजेड पुरेसा नसेल तर व्ह्यूफाइंडरमध्ये लाल पट्टी वर येते आणि खटका अडतो. लेन्सवर झाकण राहिलं तरी तेच, त्यामुळे फ्रेम वाचते.

फोकस मात्र अंदाजाने. लेन्सवरच्या फोकसच्या रिंगवर चार चित्रं आहेत: एक माणूस, दोन माणसं, घोळका आणि डोंगर. पहिले दोन-तीन रोल मी दर वेळी रिंग फिरवत बसलो आणि समोरचं माणूस निघून गेलं. आता रिंग घोळक्यावर, म्हणजे ३ मीटरवर, ठेवूनच घराबाहेर पडतो. ४०० चा (कमी उजेडातही चालणारा, वेगवान) रोल आणि भर ऊन असलं की ॲपर्चर पुरेसं बारीक होतं. दोन ते पाच मीटरमधलं सगळं नीट येतं. फोकस करायचा तो पायांनी, एक पाऊल पुढे, एक मागे. एक माणूस भिंतीला हात टेकून, एका पायावर उभा राहून बुटाची नाडी बांधत होता. कॅमेरा डोळ्याला लावला आणि खटका दाबला, एवढंच. निगेटिव्हवर त्याच्या दाबलेल्या बोटांची नखंसुद्धा दिसतात.

संध्याकाळी लाल पट्टी सतावते. तेव्हा ॲपर्चरची रिंग 'ए'वरून (ऑटोवरून) काढून २.८ वर, म्हणजे सगळ्यात मोठ्या ॲपर्चरवर, आणतो. शटर १/४० वर राहतं आणि खटका अडत नाही. बसथांब्यावर असाच एक फोटो मिळाला: रांग स्तब्ध, आणि बसमागे धावणारा एकटा पुसट रेषेसारखा. माझा सगळ्यात आवडता फोटो.

दोन गोष्टी जुना कॅमेरा घेणाऱ्याने बघाव्यातच. मागच्या दाराचा काळा फोम वयाने चिकट होऊन झडतो आणि उजेड आत शिरतो. माझ्या पहिल्या रोलवर कडेला पांढरे पट्टे होते. फोमच्या पट्ट्या बदलल्यावर ते गेले. आणि रोल भरल्यावर पुढच्या फ्रेमचं चाक फिरवताना डावीकडची रिवाइंडची (फिल्म परत गुंडाळायची) कळ फिरते का ते पाहावं; फिरली तर फिल्म पुढे सरकतेय. माझा सातवा रोल स्पूलला, म्हणजे फिल्म गुंडाळली जाते त्या रिळाला, अडकलाच नव्हता. ३६ फोटो काढले, फिल्म जागची हलली नाही. त्यात पावसात एकाच छत्रीखाली उभे असलेले तिघे होते. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत. आता दर फ्रेमला आधी त्या कळीकडे बघतो.