टेनिस एल्बो: कोपरात स्टिरॉइडचे इंजेक्शन की पोटात गोळी?

नाव टेनिसचे असले, तरी कोल्हापूरच्या परिसरात हे कोपराच्या बाहेरच्या बाजूचे दुखणे सकाळ-संध्याकाळ म्हशीची धार काढणाऱ्या, हुपरीत चांदीवर हातोडी चालवणाऱ्या किंवा रोज बादलीभर धुणे पिळणाऱ्या हातालाही गाठते. अशा हाताला विश्रांती परवडत नाही आणि मग ‘डॉक्टर, एक इंजेक्शन देऊन टाका’ अशी मागणी होते.

ती मागणी अगदीच निराधार नाही. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत १६४ रुग्णांपैकी काहींना स्टिरॉइडचे इंजेक्शन, काहींना नॅप्रोक्सेन या वेदनाशामकाची ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा दोन आठवडे, तर उरलेल्यांना औषध नसलेली गोळी दिली गेली. चार आठवड्यांनी इंजेक्शनवाल्यांपैकी ९२ टक्के, नॅप्रोक्सेनवाल्यांपैकी ५७ टक्के आणि औषधाविना गोळी घेतलेल्यांपैकी ५० टक्के लोकांना बरे वाटत होते. वर्षाअखेरीस मात्र हे आकडे अनुक्रमे ८४, ८५ आणि ८२ झाले, म्हणजे सुरुवातीची आघाडी पुरती विरली. २०१३ च्या ऑस्ट्रेलियन चाचणीत तर स्टिरॉइड घेतलेल्यांपैकी ५४ टक्के लोकांचे दुखणे वर्षभरात उलटले. नुसते सलाइनचे (मिठाच्या पाण्याचे) इंजेक्शन घेतलेल्यांत हे प्रमाण १२ टक्के होते.

याचे एक कारण असे, की जुनाट दुखण्यात कोपराच्या बाहेरील हाडाला चिकटलेल्या स्नायूबंधाची सूज फारशी नसते, तर त्याची झीज झालेली असते. स्टिरॉइड वेदना शमवते, झीज भरून काढत नाही. शिवाय दुखणे थांबले की माणूस दुसऱ्याच दिवशी पुन्हा कामाला भिडतो.

गोळीचा फायदा मुळातच माफक आहे आणि तिची किंमत पोट, मूत्रपिंड व रक्तदाब यांना मोजावी लागू शकते. अल्सर झालेल्यांनी, रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्यांनी आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ती दुकानातून परस्पर घेऊ नये. त्यापेक्षा डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचे जेल बरे, कारण त्यातले औषध रक्तात फार कमी उतरते. मधुमेह्यांची साखर इंजेक्शननंतर काही दिवस वाढू शकते, आणि सुईच्या जागी पडणारा पांढरा डाग आपल्या सावळ्या कातडीवर चांगलाच उठून दिसतो.

माझे मत विचाराल, तर बहुतेकांनी जेल, गरज पडल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडे दिवस गोळी आणि मनगटाचा नेमाने व्यायाम यांवर भागवावे. महिनाभराच्या आरामावाचून खरोखरच अडले असेल, तर एखादे इंजेक्शन समजण्यासारखे आहे. पण ते घेण्यापूर्वी पुढचे दोन-तीन आठवडे धार कोण काढणार, हे घरात ठरवून घ्यावे.