एल्डन रिंग, हॉलो नाइट की आउटर वाइल्ड्स: तुकड्यातुकड्यांतून गोष्ट जुळवायची असेल तर आधी काय खेळावं?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या खिद्रापूरच्या कोपेश्वर या शिवमंदिरासमोर नंदी नाही. का नाही, हे दगड सांगत नाही. गावात विचारलं की सती आणि दक्षाच्या यज्ञाची कथा कानावर पडते, नंदी कुठाय म्हणाल तर कर्नाटकातल्या यडूरचं नाव निघतं. मग गाभाऱ्यातल्या धोपेश्वराचाही अर्थ लागतो: कोपलेल्या शंकराला शांत करायला आलेला विष्णू. अशी जुळवाजुळव करायला लावणारे हे तीन गेम. तिघांची नावं एका दमात घेतली जातात, पण प्रत्येकाची रीत वेगळी आहे. निवड माझ्या मते एकाच प्रश्नावर ठरते: उत्तर पूर्ण हाती लागायलाच हवं का?

लागायलाच हवं असेल, तर आउटर वाइल्ड्स (२०१९). यात लढाई नाही. छोट्याशा सूर्यमालेत यान घेऊन फिरायचं आणि नोमाई नावाच्या लुप्त जमातीची भिंतींवरची सर्पिलाकार लिपी भाषांतर यंत्राने वाचायची. २२ मिनिटांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. तुमच्याकडे उरतं ते फक्त कळलेलं. यानातली नोंदवही कुठला धागा कुठे जोडला जातो ते दाखवते, एखाद्या जागी अजून काही शोधायचं राहिलं असेल तर तेही सांगते. इथे गोष्ट समजणं हेच पुढे जाणं आहे, आणि म्हणूनच तिघांत मला हा सर्वांत प्रामाणिक वाटतो.

एल्डन रिंग (२०२२) याच्या अगदी उलट. फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीच्या हिदेताका मियाझाकींचं दिग्दर्शन, जगाचा पूर्वेतिहास 'गेम ऑफ थ्रोन्स'वाले लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन यांचा. पण तो इतिहास मिळतो तलवारी, अंगठ्या, चिलखतांच्या वर्णनांतल्या दोन-चार ओळींत. राडान या सेनापतीचंच बघा. पहाडाएवढा देह, आणि त्याच्याखाली एक मरतुकडं घोडं. पहिल्यांदा हसू येतं. त्याला हरवल्यावर मिळणाऱ्या वस्तूचं वर्णन वाचलं की कळतं, गुरुत्वाकर्षणाची विद्या तो तरुणपणी शिकला ती त्या लाडक्या घोड्याला कधी सोडावं लागू नये म्हणून. ज्याला तासभर शिव्या घातल्या त्याच्याबद्दल गळा दाटून येतो. कुठल्याही लांबलचक संवादाने हे साधलं नसतं. मात्र ते वर्णन न उघडता पुढे गेलात, तर गेम तुम्हाला अडवणार नाही. आणि सगळं वाचूनही मोठ्या प्रश्नांची उत्तरं अर्धीच राहतात. ते सोसत नसेल तर हा गेम तुमचा नाही. त्यात वर्णनांची इंग्रजी जुन्या वळणाची, हिंदी-मराठीचा पर्याय नाही.

हॉलो नाइट (२०१७) या दोघांच्या मधोमध. ऑस्ट्रेलियातल्या टीम चेरीने बनवलेलं कीटकांचं हे पडकं राज्य शिलालेखांतून आणि स्वप्नखिळा (ड्रीम नेल) या हत्याराने वाचलेल्या इतरांच्या मनातल्या विचारांतून उलगडतं. अश्रूंच्या नगरीत जमिनीखाली अखंड पाऊस पडत असतो. बऱ्याच वेळाने वरच्या भागात निळं तळं सापडतं, आणि पाऊस कुठून येतो ते आपसूक कळतं. नादखुळा क्षण आहे तो! लढाया मात्र कठीण आहेत, आणि सुरुवातीचे काही तास गोष्ट फारशी हलत नाही.

मशीनचाही विचार करा. एल्डन रिंगला पीसीवर किमान १२ जीबी रॅम आणि ६० जीबी जागा लागते, शिवाय बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड. हॉलो नाइट साध्या, जुन्या लॅपटॉपवरही चालतो.

कॉलेज किंवा नोकरी सांभाळून रात्री तासभरच मिळत असेल, तर आधी आउटर वाइल्ड्स घ्या, आणि संपेपर्यंत त्याचा एकही व्हिडिओ बघू नका. एकदा कळलं की तो पुन्हा पहिल्यांदा खेळता येत नाही. लढाईची खुमखुमी असेल तर हॉलो नाइट. एल्डन रिंग मोठ्या सुट्टीसाठी ठेवा, आणि शक्यतो एखाद्या मित्राबरोबर एकाच वेळी सुरू करा. त्यातल्या अर्धवट उत्तरांवर वाद घालायला कुणीतरी लागतंच.