मॉक इंटरव्ह्यूचं पॅकेज : पाचपैकी तीन तारे, त्यातले दोन एकाच सरांचे

पुण्यात पेरूगेटच्या आसपास यूपीएससीच्या मुलाखतीची तयारी करून घेणारे क्लास आहेत, त्यातल्या एकाबद्दल लिहितेय. नाव घेत नाही. भांडायचं नाहीये मला, फक्त पैसे भरण्याआधी काउंटरवर काय विचारावं ते सांगायचंय.

मेन्सचा, म्हणजे लेखी मुख्य परीक्षेचा, निकाल डिसेंबर २०२३ मध्ये लागला आणि तिसऱ्या दिवशी मी ७,५०० रुपये भरले. त्यात तीन मॉक, डॅफवर (आयोगाला भरून द्यायच्या सविस्तर अर्जावर) तासभर बैठक, प्रत्येक मॉकचं रेकॉर्डिंग आणि 'पर्सनॅलिटी ग्रूमिंग' नावाची एक अख्खी दुपार.

माझी पहिली पसंती परराष्ट्र सेवा, मुलाखतीचं माध्यम मराठी. फॉर्म बघून काउंटरवरचे दादा म्हणाले, "ताई, फॉरेन सर्व्हिस आणि मराठीतून?" मराठीतून मुलाखत देता येते, आयोग दुभाषी देतो, आणि सेवेत गेल्यावर परकी भाषा सगळ्यांनाच नव्याने शिकावी लागते. हे क्लासवाल्यांना मी सांगायचं म्हणजे जरा जास्तच झालं.

डॅफची बैठक वाया गेली. मी दिंडोरी तालुक्यातली, घरी द्राक्षबाग, शिक्षण बी.एस्सी. ॲग्री. "फॉरेन सर्व्हिस का?" याचं माझं उत्तर २०१० सालचं आहे. त्या वर्षी आपल्या द्राक्षांत सीसीसी या वाढ रोखणाऱ्या रसायनाचा अंश सापडला म्हणून युरोपने माल नाकारला. सीसीसी आमच्याकडे खरड छाटणीनंतर शेंडा थांबवायला मारायचे, सगळेच मारायचे. बंदरांत कंटेनर अडकले, निर्यातदारांनी हात वर केले आणि अण्णांचे त्या हंगामाचे पैसे आजतागायत आलेले नाहीत. मी तेव्हा अकरा वर्षांची. घरी रोज रात्री एकच वाक्य ऐकायचे, "तिकडं आपलं कोण बोलणारं आहे का नाही?" माझी पसंती तिथून आली.

मार्गदर्शकांनी ते खोडलं. म्हणे फार घरगुती वाटतं. त्याजागी छापील कागद दिला : 'जागतिक पटलावर राष्ट्रहिताची जपणूक' वगैरे. शेजारच्या खुर्चीतल्या मुलाच्या हातातही तोच कागद होता, आणि त्याची पहिली पसंती आयपीएस.

ग्रूमिंगच्या दुपारबद्दल दोनच ओळी. साडी की सलवार-कमीज यावर चाळीस मिनिटं गेली. खुर्चीत किती पुढे बसायचं ते कळलं.

पहिला मॉक ठीकठाक झाला. दुसऱ्यात पॅनेलवरच्या एका गृहस्थांनी विचारलं, "लग्न झाल्यावर मिस्टर येतील का तुमच्याबरोबर देशोदेशी?" मी सी. बी. मुथम्मांचं सांगितलं. १९४९ साली परराष्ट्र सेवेत आलेली पहिली बाई. निवड मंडळानेच त्यांना या सेवेपासून परावृत्त करायचा प्रयत्न केला होता. बाई अधिकाऱ्याने लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यायची, आणि लग्नामुळे कामात अडचण येईल असं वाटलं तर सरकार राजीनामा मागू शकतं, असा नियमच होता. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि १९७९ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या भेदभावावर कडक ताशेरे ओढले. एवढं सगळं मी एका दमात बोलले. फीडबॅकच्या कागदावर आलं : 'ॲरोगंट'. प्रश्न कसा होता यावर कोणी काही बोललं नाही.

आता दोन तारे कशाचे ते सांगते. तिसऱ्या मॉकला एक निवृत्त राजनैतिक अधिकारी होते. छापील उत्तर मी सुरू केलं, तर त्यांनी हात वर करून थांबवलं. "हे राहू द्या. घरी काय पिकतं?" मग मी द्राक्षांचं सांगितलं. त्यावर ते जवळजवळ वीस मिनिटं तिथेच खणत राहिले. कंटेनर अडकला तर वकिलातीतला माणूस नेमकं काय करू शकतो? अंश किती चालेल हे कोण ठरवतं, आणि ते बदलायला भांडायचं कुठे, दिल्लीत की ब्रसेल्समध्ये? चूक आपल्या फवारणीची असेल तर राजदूताने काय बोलावं? शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तसं सांगितलं, तर म्हणाले, "हे बरोबर. हेच बोर्डालाही सांगा."

मग भाषेवर आले. मी म्हटलं, फ्रेंच किंवा जर्मन आवडेल. "अरबी मिळाली तर? आखातातल्या एखाद्या शहरात पहिल्या वर्षी तुम्ही मेलेल्या कामगाराचे कागद करून मृतदेह त्याच्या गावी पाठवत असाल. चालेल?" मी क्षणभर गप्प बसले. पाच आठवड्यांत त्या नोकरीचं काम कोणी पहिल्यांदा माझ्यासमोर ठेवलं होतं. मसुरीचा पायाभूत कोर्स, दिल्लीत परराष्ट्र सेवेचं प्रशिक्षण देणारी सुषमा स्वराज संस्था, मग मिळालेल्या भाषेच्या देशात पहिली नेमणूक, हा क्रम मला पाठ होता. त्या नेमणुकीत सकाळी टेबलावर काय येतं ते माहीत नव्हतं.

मुथम्मांचंही त्यांना मीच सांगितलं. ते म्हणाले, उत्तर चोख आहे, फक्त तीन वाक्यांत संपवा आणि थांबा, पुढचं त्यांना विचारू द्या.

फेब्रुवारीत दिल्लीला शाहजहान रोडवर आयोगाच्या धोलपूर हाऊसमध्ये माझी मुलाखत झाली. आत दुभाषी होते, आणि इथे क्लासची खरी कमतरता कळली. तिन्ही मॉक मराठी माणसांसमोर झाले होते. दुभाष्यासाठी वाक्य तोडायचं, थांबायचं आणि त्या वेळात अध्यक्षांकडे बघत राहायचं, याचा सराव शून्य. पहिली पाच मिनिटं मी बैलगाडीसारखी अडखळले. नंतर द्राक्षांवर विषय आला आणि गाडी रुळावर आली.

निकाल १६ एप्रिल २०२४ ला लागला. १,०१६ नावांत माझं नव्हतं. त्या वर्षी परराष्ट्र सेवेच्या जागा ३७ होत्या, तेव्हा फार रडले नाही. मुलाखतीत २७५ पैकी १७६ मिळाले होते, लेखीत मात्र मार खाल्ला. त्याचा दोष क्लासला देत नाही.

तर जाणाऱ्यांनी पैसे भरण्याआधी दोन गोष्टी विचारा. पॅनेलवर त्या दिवशी कोण बसणार, त्यांची नावं. ते निवृत्त सर शनिवारी दुपारीच येतात, बाकी दिवशी क्लासचेच शिक्षक कोट घालून बसतात. आणि मराठीतून देणार असाल तर दुभाषी ठेवून एक तरी मॉक घ्या म्हणून अडून बसा. तिसरा तारा चहाचा आणि वेळेवर सुरू होण्याचा.

रेकॉर्डिंगचं राहिलंच. तिन्ही मॉकचं 'दोन दिवसांत ड्राइव्हवर टाकतो' म्हणाले होते. जूनमध्ये त्यांचा फोन आला, "ताई, १७६ मार्क! फ्लेक्सवर तुमचा फोटो टाकायचाय, एक चांगला पाठवा ना." मी म्हटलं, तुमच्याकडेच आहे की, माझ्या रेकॉर्डिंगमध्ये. ते शोधा, त्यातला घ्या आणि बाकीचं मला पाठवा. अजून शोधतायत.