विमानात ‘सरकून घ्या’ चालत नाही: एक्स्ट्रा सीट सेवेचा रिव्ह्यू, चिकलठाणा आणि नांदेडच्या प्रवाशांसाठी

काळीपिवळीच्या मधल्या बाकावर चौथं माणूस कोंबताना ड्रायव्हर एवढंच म्हणतो, “थोडं सरकून घ्या.” अंगानं भरलेल्या माणसाला तिथं कुणी दीड तिकीट मागत नाही, शेजारचा कुरकुरत का होईना, सरकतो. रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये तोच माणूस आपणहून डबल स्लीपर घेतो, दोघांचे पैसे मोजतो आणि पाय ताणून पुण्याला जातो. त्यात कुणाला अपमान वाटत नाही. विमानात मात्र सरकायला जागाच नसते. दोन सीटच्या मधे आर्मरेस्ट असतो, पलीकडच्यानं आपल्या सीटचे पूर्ण पैसे मोजलेले असतात, आणि मग प्रश्न उभा राहतो: जास्त जागा लागणाऱ्या प्रवाशाकडून जास्त पैसे घ्यावेत का?

शेजारची सीटही त्याच प्रवाशाला विकायची, ही झाली एक्स्ट्रा सीट सेवा. पैसे घ्यायला हरकत नाही, पण विकलेली जागा शेवटपर्यंत हातात द्यायला हवी. खरी अडचण तिथं आहे.

आधी मोजमाप, कारण बहुतेक चुकीची बुकिंगं अंदाजानं होतात. संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून मुंबई-दिल्लीला जाणाऱ्या एअरबस ए३२० मध्ये एका बाजूला तीन अशा सीटा असतात आणि दोन आर्मरेस्टमधली रुंदी साधारण १८ इंच, म्हणजे ४६ सेंटिमीटरच्या आसपास. अकासा किंवा एअर इंडिया एक्सप्रेसच्या बोइंग ७३७ मध्ये ती १७ इंच धरा. पुढं मुंबईहून विमान बदलणार असाल तर हा एक इंच फार जाणवतो. हैदराबादसारख्या जवळच्या मार्गावर येणाऱ्या एटीआर ७२ मध्ये दोन-दोनची रचना आणि रुंदी १७ ते १८ इंच. नांदेडहून उडणाऱ्या स्टार एअरच्या एम्ब्रेयर १७५ मध्येही दोन-दोनच, पण सीट १८ इंचांहून किंचित जास्त. मधली सीटच नसल्यानं ती या सगळ्यांत बसायला बरी.

घरी मोजायचं तर टेपनं कंबरेचा घेर मोजू नका, त्याचा इथं उपयोग नाही. भिंतीला एक बाजू चिकटवून सपाट बाकावर बसा, दुसऱ्या बाजूला मांडीला टेकेल असा डबा किंवा जाड वही उभी धरा आणि भिंतीपासून वहीपर्यंतचं अंतर घ्या. ४३ सेंटिमीटरच्या आत आलं तर कुठल्याही विमानात एक सीट पुरते. ४३ ते ४६ मध्ये आलं तर विमान कुठलं ते बघून ठरवा. ४६ च्या पुढं गेलं तर आर्मरेस्ट खाली येणार नाही, दुसरी सीट घ्या. खांद्याचं मापही असंच घ्या. पैलवानी बांध्याच्या माणसाचा कंबरेला प्रश्न नसतो, पण खांदा शेजारच्याच्या हद्दीत जातो आणि भांडण तिथंच होतं.

एक गैरसमज फार पसरलेला आहे. ‘एक्स्ट्रा लेगरूम’ची पुढच्या रांगेतली किंवा इमर्जन्सी दरवाजाजवळची सीट जास्त पैसे देऊन घेतली की जागा मिळते, असं लोकांना वाटतं. गुडघ्याला मिळते, कंबरेला नाही. उलट पहिल्या रांगेत समोर सीट नसल्यामुळं जेवणाचा ट्रे आर्मरेस्टमध्ये घडी करून ठेवलेला असतो, त्यामुळं तो आर्मरेस्ट जाड असतो आणि वर उचलता येत नाही. इमर्जन्सीच्या रांगेतही बऱ्याचदा हेच. शिवाय सीटबेल्टला जोडपट्टा लावणाऱ्या प्रवाशाला त्या रांगेत बसूच देत नाहीत. म्हणजे पैसे देऊन अधिक अरुंद सीट घ्यायची आणि वर दारातून उठवून घ्यायचं.

आता मूळ सेवा. शेजारची सीट आपल्याच नावावर घेणं ही सोय नवी नाही. इंडिगोनं जुलै २०२० मध्ये, कोरोनाच्या भीतीत, ‘६ई डबल सीट’ म्हणून ती आणली होती: दुसऱ्या सीटला मूळ बुकिंगच्या २५ टक्क्यांपर्यंतच पैसे, आणि बुकिंग फक्त कंपनीच्या वेबसाइटवर. एजंटकडं नाही, कॉल सेंटरला नाही, विमानतळाच्या काउंटरवरही नाही. त्या भावात ती सोन्यासारखी वस्तू होती. एरवी दुसऱ्या सीटचा भाव त्या घडीच्या तिकिटाएवढाच धरून चाला. शेवटच्या आठवड्यात पहिली सीट महाग असेल तर दुसरीही तेवढीच महाग.

बुकिंग करताना सगळ्यात मोठी चूक म्हणजे आपलंच नाव दोनदा टाकून दोन तिकिटं काढणं. विमान कंपनीची सिस्टीम एकाच विमानात एकाच नावाची दोन तिकिटं दिसली की ती डुप्लिकेट समजते आणि एक रद्द करू शकते. दोन्ही सीटा एकाच पीएनआरमध्ये हव्यात, आणि दुसऱ्या सीटच्या नावात एक्स्ट्रा सीटचा कोड हवा. एजंटांच्या स्क्रीनवर तो ‘ईएक्सएसटी’ असा असतो. संभाजीनगरच्या किंवा लातूरच्या एजंटला फक्त “शेजारची सीट रिकामी ठेवा” म्हणालात तर तो हो म्हणेल, पण तसं काही सिस्टीममध्ये नसतं. “ईएक्सएसटी टाका आणि पीएनआरचा प्रिंट द्या,” असं म्हणा. प्रिंटमध्ये दोन ओळी आणि दोन सीट नंबर दिसले तरच पैसे द्या. इकॉनॉमीच्या तिकिटावर ५ टक्के जीएसटी लागतो. विमानतळाची बाकीची शुल्कं दुसऱ्या सीटलाही लावलीत का, हे भाड्याच्या फोडीत बघा आणि लावली असतील तर कशासाठी ते विचारा. दुसऱ्या सीटवर कुणी टर्मिनल वापरणार नाही.

जागा कुठली घ्यायची? ए३२० मध्ये खिडकी आणि मधली. पॅसेजची घेतली तर खाण्याची गाडी प्रत्येक फेरीला खांद्याला घासते आणि आतल्या माणसाला उठायचं म्हटलं की सगळी रांग उठते. दोन-दोनच्या विमानात एका बाजूच्या दोन्ही घ्या, प्रश्नच मिटतो. पहिली रांग आणि इमर्जन्सीची रांग सोडून.

या सेवेत बिघडतं ते बहुतेक वेळा चार ठिकाणी.

पहिलं, वेब चेक-इन. दोन ‘प्रवाशांना’ सिस्टीम कधी वेगवेगळ्या रांगांत सीट देते. १२ बी आणि १९ ई अशा दोन सीटा घेऊन करायचं काय? म्हणून सीट बुकिंगच्या वेळीच पक्की करा, चेक-इनच्या वेळेवर सोडू नका.

दुसरं, विमान बदलणं. ए३२० ऐवजी एटीआर आली की १८० सीटांचा नकाशा ७८ सीटांवर येतो, रांगा आणि अक्षरं बदलतात, आणि जोडलेली सीट सुटते. उड्डाणाच्या आदल्या संध्याकाळी एकदा आणि निघण्यापूर्वी एकदा सीट नंबर तपासा.

तिसरं आणि सगळ्यात महागाचं म्हणजे गेट. दुसऱ्या सीटचाही बोर्डिंग पास निघतो आणि गेटवर दोन्ही स्कॅन व्हायला हवेत. एकच स्कॅन झाला तर सिस्टीमच्या हिशेबी दुसरा प्रवासी आलाच नाही. मग ती सीट वेटिंगवरच्याला जाऊ शकते, आणि परतीच्या तिकिटातली दुसरी सीटही आपोआप रद्द होऊ शकते. हा घोळ परत येताना विमानतळावर उभं राहिल्यावर कळतो. म्हणून दोन्ही पास हातात धरून, “दोन्ही स्कॅन करा, दुसरी माझीच सीट आहे,” असं स्पष्ट सांगा. स्कॅनरचा आवाज दोनदा ऐकल्याशिवाय पुढं सरकू नका.

चौथं, रद्द झालेलं उड्डाण. दुसऱ्या विमानात बसवताना कर्मचारी माणसं मोजतात, सीटा नाही. जोड-उड्डाण दुसऱ्या कंपनीचं असेल तर एक्स्ट्रा सीट पुढं जाईलच असं समजू नका. प्रत्येक टप्प्याची वेगळी खात्री करा. डीजीसीए या सरकारी विमान वाहतूक नियामकाच्या नियमात जास्त बुकिंगमुळं प्रवाशाला चढू दिलं नाही तर भरपाई आहे: तासाभरात पर्यायी विमान दिलं तर काही नाही, २४ तासांच्या आत दिलं तर कमाल १०,००० रुपये, त्यानंतर कमाल २०,०००. पण हा नियम माणसाला खाली ठेवण्याचा आहे. माणूस चढला आणि त्याची दुसरी सीट गेली, तर तिचे पैसे परत मागण्यासाठी दोन्ही बोर्डिंग पासांचे फोटो आणि क्रूला सांगितल्याची वेळ लिहून ठेवा. आधी कंपनी, मग एअरसेवा हे सरकारचं तक्रार पोर्टल, मग ग्राहक हेल्पलाइन १९१५.

सेवा म्हणून पाचपैकी अडीच तारे. कल्पनेला चार देता आले असते. दीड तारा गेटवर जातो.

आता पैसे घ्यावेत का, या मुद्द्याकडं. लोक म्हणतात, वजन जास्त म्हणून इंधन जास्त, म्हणून पैसे जास्त. मोठ्या विमानाला हे लागू पडत नाही. ए३२० चं उड्डाणाचं कमाल वजन ७९ टनांच्या घरात असतं. एखाद्या माणसाचे ४० किलो त्यात कुठं दिसणार? छोट्या विमानात गोष्ट वेगळी. पॅसिफिकमधल्या सामोआ एअरनं २०१३ मध्ये किलोवर तिकीट लावलं, तेव्हा त्यांच्याकडं आयलंडर आणि सेसनासारखी मूठभर सीटांची विमानं होती. ८ जानेवारी २००३ ला अमेरिकेत शार्लटला बीचक्राफ्ट १९००डी हे १९ सीटांचं विमान उडताच कोसळलं आणि दोन वैमानिकांसह २१ जण गेले. शेपटीच्या नियंत्रणाची तार चुकीची बसवलेली होती हे एक कारण. प्रवाशांचं सरासरी वजन कागदावर कमी धरलं होतं आणि भार मागं गेला होता, हे दुसरं. एटीआरमध्येही विमान अर्धं रिकामं असेल तर क्रू लोकांना पुढं-मागं बसवतात ते याच तोलासाठी. तेव्हा “शेजारची रिकामीच आहे की, कशाला पैसे घालायचे” हा हिशेब एटीआरमध्ये करू नका.

म्हणजे प्रश्न वजनाचा नाही, रुंदीचा आहे. आणि इथं कंपन्यांना एक गोष्ट श्रेय म्हणून द्यावी लागेल: गुडघ्याची जागा त्यांनी कमी केली, पण रुंदी त्यांनी चोरलेली नाही. ए३२० १९८८ ला सेवेत आलं तेव्हाही तीन-तीनच सीटा होत्या. ७३७ चं धड तर १९५० च्या दशकातल्या बोइंग ७०७ च्या मापाचं. विमान फुगवता येत नाही. एक सीट द्यायची तर दुसरी विकायची सोडावी लागते.

मग ती कुणी सोडायची? कॅनडानं २००८ मध्ये उत्तर दिलं: देशांतर्गत प्रवासात लठ्ठपणामुळं अपंगत्व असेल तर एक माणूस, एक भाडं; दुसरी सीट कंपनीनं द्यावी. आपल्याकडं २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, लठ्ठपणा त्यांत नाही. त्यामुळं तो रस्ता सध्या बंद. अमेरिकेत साउथवेस्ट कंपनी वर्षानुवर्षं दुसऱ्या सीटचे पैसे परत करायची. २७ जानेवारी २०२६ पासून त्यांनी ते आवळलं: दुसरी सीट आधीच विकत घ्यायची, आणि विमान किमान एक सीट रिकामी ठेवून उडालं तरच परतावा, तोही ९० दिवसांच्या आत मागितला तर. तिथल्या प्रवाशांनी बरीच आरडाओरड केली, पण आपल्या बाजारात हीच अट खरं तर परवडणारी आहे. विमान भरलं असतं तर कंपनीचं नुकसान, म्हणून पैसे. रिकामं उडालं तर नुकसान कसलं? जी सीट विकलीच गेली नसती तिचे पैसे ठेवून घेणं चुकीचं. आपल्या कंपन्यांनी एवढं जरी केलं तरी अडीचचे साडेतीन तारे होतील.

चुकीची गोष्ट म्हणजे गेटवर माणसाला नजरेनं तोलून, रांगेसमोर, त्या क्षणाच्या भावानं सीट घ्यायला लावणं. पैसे घ्यायचेत तर बुकिंगच्या पानावर इंचात माप लिहा, आर्मरेस्ट खाली येतो की नाही ही एकच कसोटी ठेवा, आणि भाव गोठवा.

नांदेडकरांना एक पर्याय जरूर तपासावा असा. स्टार एअरच्या एम्ब्रेयरमध्ये ७६ पैकी १२ सीटा बिझनेस क्लासच्या आहेत. दोन इकॉनॉमी आणि एक बिझनेस यांचे भाव शेजारी ठेवून बघा. फरक थोडा असेल तर बिझनेस घ्या. एकच नाव, एकच पास, गेटवरचा घोळ नाही. २७ एप्रिल २०१७ ला ‘उडान’ या केंद्र सरकारच्या स्वस्त विमानसेवा योजनेतली नांदेड-हैदराबाद पहिली फेरी निघाली तेव्हा तासाभराच्या उड्डाणाला अनुदानाच्या सीटचं भाडं २,५०० रुपयांपर्यंत बांधलेलं होतं. अशा बांधलेल्या भाड्यात दुसरी सीट घेणं परवडतं. पण अनुदानाच्या सीटा मोजक्या, त्या आधी संपतात.

शेवटी सीटबेल्ट. दोन सीटा घेतल्या म्हणून पट्टा लांब होत नाही, हे लोक विसरतात. जोडपट्टा, म्हणजे एक्स्टेंडर, फुकट मिळतो आणि साधारण दोन फूट लांबी वाढवतो. विमानात पाऊल टाकतानाच दारातल्या क्रूला हळूच सांगा, ती सीटवर आणून देईल. ऑनलाइन मिळणारे विकत घेऊ नका, क्रू ते लावू देत नाहीत. विमानात ते मोजकेच असतात, म्हणून चढायला शेवटी थांबू नका. आणि उतरताना तो सीटवरच सोडा. पुढच्या विमानाचं बकल वेगळं असू शकतं.