अकरा वर्षे, एक पॉलिसी आणि साडेसात हजारांची खोली

आम्ही दोघे गोव्यात, डिचोलीत राहतो. माझे वय बहात्तर, पत्नीचे अडुसष्ट. मी एका खाण कंपनीच्या कार्यालयात हिशेबनीस होतो. कंपनीचा समूह विमा नोकरीला जोडलेला होता आणि २०१२ च्या खाणबंदीनंतर नोकरी गेली, तसा तोही गेला. पुढची दोन वर्षे आम्ही विम्याविना काढली आणि अखेर नोव्हेंबर २०१४ मध्ये एका खासगी कंपनीची आरोग्य विम्याची पाच लाखांची फॅमिली फ्लोटर पॉलिसी घेतली. फ्लोटर म्हणजे दोघांत मिळून पाच लाख, प्रत्येकी नव्हे. हे सांगावे लागते, कारण शेजारच्या तिघांनी मला आतापर्यंत हाच प्रश्न विचारला आहे. कंपनीचे नाव मी देत नाही. ज्या कलमांविषयी लिहिणार आहे, ती थोड्याफार फरकाने अनेक कंपन्यांच्या पॉलिसींत सापडतात, आणि वाचकाने नावापेक्षा कलमे पाहावीत अशी माझी इच्छा आहे.

पॉलिसी घेताना मी एकसष्ट वर्षांचा होतो, मला मधुमेह होता आणि पत्नीला रक्तदाब. एजंट चांगल्या घरातला, ओळखीचा मुलगा. त्याने चहा पिता पिता सुचवले, “काका, मधुमेहाचा रकाना कोराच ठेवूया, हप्ता कमी बसेल.” आम्ही तो भरला, २००४ पासून असे वर्षासकट भरला, आणि अर्जाची झेरॉक्स ठेवून घेतली. त्या प्रामाणिकपणाची किंमत म्हणून आधीपासूनच्या आजारांसाठी चार वर्षांचा प्रतीक्षाकाल लागला, म्हणजे तेवढी वर्षे त्या आजारांचा खर्च कंपनी देणार नव्हती. (विमा नियामकाने, म्हणजे इर्डाने, एप्रिल २०२४ पासून ही कमाल मर्यादा तीन वर्षांवर आणली आहे.) सांधा बदलणे, मोतीबिंदू अशा ठरावीक शस्त्रक्रियांसाठी दोन वर्षांचा वेगळा प्रतीक्षाकाल होता. थोडक्यात, पहिली चार वर्षे आम्ही हप्ते भरले आणि पॉलिसी कपाटात राहिली.

ती पहिल्यांदा बाहेर आली २०२२ मध्ये, पत्नीच्या उजव्या गुडघ्यासाठी. तिच्यावर सहा वर्षे उपचार करणारे अस्थितज्ज्ञ ज्या खासगी रुग्णालयात शस्त्रक्रिया करतात, तिथेच जायचे तिने ठरवले होते आणि तिच्या गुडघ्याबाबत तिचाच शब्द अखेरचा. दाखल होताना विमा कक्षातील मुलीने दोन खोल्या दाखवल्या: एक पाच हजार रुपये रोजाची, मागच्या भिंतीकडे तोंड असलेली, आणि दुसरी साडेसात हजारांची, मोठ्या खिडकीची. आमच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे रोजचे पाच हजार, हे मला ठाऊक होते. मी विचारले, वरचे अडीच हजार आम्ही भरले तर चालेल का? “चालेल काका, फक्त भाड्यातला फरक.” चार दिवसांचे दहा हजार. पत्नीला खिडकी हवी होती. मी सही केली.

जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासलेला माणूस इथे फसला. खोलीभाड्याची मर्यादा ओलांडली की कंपनी केवळ भाड्यातला फरक कापत नाही. ज्या प्रमाणात खोली महाग, त्याच प्रमाणात शल्यविशारदाचे शुल्क, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह आणि परिचर्या यांचीही रक्कम कमी करते. याला प्रमाणशीर कपात म्हणतात. त्यामागचा तर्क असा, की पुष्कळ रुग्णालयांत खोलीच्या वर्गानुसार हे दरही चढतात. आमचे बिल झाले दोन लाख अडतीस हजार: खोली तीस हजार, डॉक्टर व शस्त्रक्रियागृह शहाण्णव हजार, कृत्रिम सांधा अडुसष्ट हजार, औषधे व इतर साहित्य एकतीस हजार, तपासण्या तेरा हजार. पाच हजारांना साडेसात हजारांनी भागले की दोन तृतीयांश येते, आणि कंपनीने जवळजवळ प्रत्येक ओळीला तेच प्रमाण लावले होते. हातमोजे, मास्क अशा, कंपनी ज्यांचे पैसे देत नाही त्या वस्तूंचे नऊ हजार वेगळेच. काउंटरवर आम्हाला पंच्याऐंशी हजार तीनशे तेहतीस रुपये भरावे लागले. मी मनात दहा हजार धरून चाललो होतो.

घरी आल्यावर मंजुरीपत्र आणि पॉलिसीची पुस्तिका शेजारी ठेवून बसलो. पुस्तिकेत ‘संबंधित वैद्यकीय खर्च’ अशी व्याख्या आहे, आणि त्या व्याख्येतून औषधे व साहित्य, शरीरात बसवलेली उपकरणे आणि तपासण्या स्पष्टपणे वगळल्या आहेत. हे वगळणे कंपनीच्या मर्जीवर नव्हते. इर्डाने २०२० मध्ये प्रमाणित अटी ठरवून दिल्या, त्यांतच ते आहे, आणि अतिदक्षता विभागाच्या खर्चालाही ही कपात लावता येत नाही. तरीही आमच्या सांध्याच्या अडुसष्ट हजारांतून, औषधांच्या बावीस हजारांतून आणि तपासण्यांच्या तेरा हजारांतून एक तृतीयांश गेला होता. तो जोडला तर चौतीस हजार तीनशे तेहतीस. मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल लिहिला. त्यात राग काढला नाही, फक्त कलम क्रमांक, बिलाची ओळ, कापलेली रक्कम आणि देय रक्कम असा चार स्तंभांचा तक्ता दिला. पहिले उत्तर ठरावीक आले: ‘दावा नियमांनुसार निकाली काढला आहे.’ दुसऱ्या ईमेलमध्ये तोच तक्ता पुन्हा जोडून, तीस दिवसांत समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जाणार असल्याचे कळवले. लोकपालाकडे तक्रारीला शुल्क नसते आणि वकील लागत नाही, एवढे मी वाचून ठेवले होते. सहाव्या आठवड्यात पूर्ण रक्कम खात्यात जमा झाली, सोबत खुलाशाचे एक वाक्यही न देता. उरलेल्या एक्कावन्न हजारांविषयी माझी तक्रार नाही. ते कलमाप्रमाणेच होते. मात्र त्यातले बेचाळीस हजार त्या खिडकीचे होते.

त्या वेळचा दुसरा प्रसंग डिस्चार्जचा. डॉक्टरांनी सकाळी दहा वाजता घरी जायला सांगितले आणि कंपनीची अंतिम मंजुरी संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटांनी आली. खोली मोकळी करायची असल्याने नवा गुडघा घेऊन पत्नी दुपारभर मार्गिकेतल्या खुर्चीवर बसली होती. विलंबाचे कारण काय, तर डॉक्टरांनी केसपेपरवर पत्नीच्या रक्तदाबाचा उल्लेख करताना लिहिलेली वर्षे, आणि ‘हा आजार पॉलिसीआधी जाहीर केला होता का’ ही विचारणा. आमच्या मुलीने पुण्याहून २०१४ च्या अर्जाची स्कॅन प्रत पाठवली, तेव्हा प्रश्न मिटला. एजंटाचे ऐकून रकाने कोरे सोडले असते तर त्या संध्याकाळी आम्ही काय केले असते, याचा मी अजून विचार करतो. आता सलग साठ महिने चाललेल्या पॉलिसीवर, सिद्ध झालेली फसवणूक वगळता, अशा कारणाने दावा नाकारता येत नाही.

मे २०२४ मध्ये इर्डाने कॅशलेसच्या, म्हणजे कंपनीने बिल थेट रुग्णालयाला देण्याच्या, विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या मंजुरीवर तीन तासांत निर्णय देण्याचे बंधन घातले. तीन तासांपेक्षा उशीर होऊन रुग्णालयाने जादा आकार लावला तर तो कंपनीने सोसायचा. हा बदल कागदावर राहिलेला नाही, असे आमचा अनुभव सांगतो. मार्च २०२५ मध्ये पत्नीच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूसाठी गेलो, तेव्हा पहिली मंजुरी चाळीस मिनिटांत आली. प्रति डोळा पंचवीस हजारांची मर्यादा आहे, बिल अडतीस झाले, कारण भिंग तिने चांगले निवडले. आधीच माहीत असल्याने त्या तेरा हजारांचे दुःख झाले नाही.

आता जे सांगायचे आहे ते या पॉलिसीच्या परीक्षणात बसते की नाही, याची मला शंका होती. पण ते वगळले तर हिशेब खोटा ठरेल. सप्टेंबर २०२३ मध्ये, चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात, रात्री मला छातीत दुखू लागले. त्या वेळी पॉलिसी कोणत्या कपाटात आहे, हे दोघांपैकी कुणालाही आठवले नाही. पत्नीने १०८ ला फोन केला. डिचोलीच्या आरोग्य केंद्रात ईसीजी काढून तो बांबोळीच्या गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) हृदयरोग विभागाकडे पाठवण्यात आला, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथेच मिळाले आणि मग रुग्णवाहिका बांबोळीला निघाली. दुसऱ्या दिवशी एक स्टेंट बसला. परिचारिकेने कोकणीतून सांगितले, “आबा, भिवपाचें कारण ना,” आणि मी खरोखरच भ्यायचा थांबलो. माझ्या वडिलांनी पणजीत मांडवीकाठच्या गोमेकॉच्या जुन्या इमारतीत, जिथे आता इफ्फी चित्रपट महोत्सवाची लगबग असते, महिना काढला होता. ते त्या रुग्णालयाविषयी जसे बोलत, तसे आता मी बांबोळीविषयी बोलतो.

त्या पाच दिवसांत आमचा खर्च कॅन्टीनचा चहा आणि मुलीचे येण्याजाण्याचे भाडे एवढाच झाला. २०१६ पासून राज्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. किमान पाच वर्षे गोव्यात राहणाऱ्या, तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांचे संरक्षण ती देते. आमच्या कार्डाला दोनशे रुपये पडले होते. ते मी कित्येक वर्षे ‘असू दे’ म्हणून काढून ठेवले होते, आणि त्याचे वेळेवर नूतनीकरण पत्नी करत आली, मी नव्हे. शिवाय ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राने सत्तरीवरील सर्वांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारतखाली कुटुंबामागे पाच लाखांचे संरक्षण दिले आहे आणि खासगी विमा असलेल्यांनाही ते मिळते. त्यासाठीचे माझे वयवंदना कार्ड काढून ठेवले आहे. पत्नीला अजून दोन वर्षे थांबावे लागेल.

गंमत अशी, की त्या आजारपणातही पॉलिसीने काही दिले. पुस्तिकेच्या अठ्ठाविसाव्या पानावर, सरकारी रुग्णालयात उपचार घेतल्यास दररोज एक हजार रुपये रोख भत्ता, असे एक कलम आहे, जे एजंटालाही माहीत नव्हते. डिस्चार्ज कार्डाची प्रत पाठवली आणि पाच हजार आले. गुडघ्यानंतरच्या साठ दिवसांतील फिजिओथेरपी व औषधांचे अकरा हजार चारशे मागितले होते, त्यातले आठ हजार नऊशे मिळाले. फिजिओथेरपीसाठी डॉक्टरांची लेखी शिफारस नसल्याने पहिल्यांदा कागद परत आले होते.

हप्त्याचे बोलायचे तर २०१४ मध्ये तो पंधरा हजारांच्या आसपास होता. २०२३ ते २०२४ या एका वर्षात मी एकाहत्तरीच्या गटात गेलो आणि मूळ हप्ता साडेतेहतीस हजारांवरून त्रेचाळीस हजारांवर उडाला. त्यावर अठरा टक्के जीएसटी धरून पन्नास हजार सातशे चाळीस. पत्नी म्हणाली, यापेक्षा पोस्टात ठेवा. जानेवारी २०२५ मध्ये इर्डाने ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवायचा असेल तर आधी विचारा असे कंपन्यांना बजावले, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील जीएसटी शून्य झाला. परिणामी या नोव्हेंबरात मूळ हप्ता नऊ टक्के वाढूनही भरायची रक्कम सेहेचाळीस हजार आठशे सत्तर झाली. अकरा वर्षांत प्रथमच आकडा खाली आला. एकूण जमाखर्च मांडला तर आम्ही सुमारे तीन लाख तीस हजार भरले आणि दोन लाख पंचवीस हजार नऊशे परत मिळाले. विम्याकडे असे पाहायचे नसते, हे मला कळते. पण सवय जात नाही.

मी या पॉलिसीला पाचपैकी तीन तारे देतो. एक तारा खोलीभाड्याच्या कलमासाठी कापला आणि दुसरा, चूक दाखवून दिल्यावरही आलेल्या त्या पहिल्या ठरावीक उत्तरासाठी. पन्नाशीच्या आतील कुणी विचारले तर मी खोलीभाड्याची मर्यादाच नसलेली पॉलिसी घ्यायला सांगतो, हप्ता दोन-चार हजारांनी जास्त असला तरी. आमच्या वयाला तो मार्ग उरलेला नाही. नूतनीकरणाआधी मी मर्यादा काढून टाकणारा पर्याय मागितला, तर तो पासष्टीनंतर देत नाही असे उत्तर आले. दुसऱ्या कंपनीकडे पॉलिसी वळवण्याचा अर्ज केला. एकीने स्टेंटचे नाव ऐकून नकार दिला, दुसरी तीस टक्के को-पे मागत होती, म्हणजे प्रत्येक बिलातले शंभरातले तीस आमचे. तेव्हा जुन्याच कंपनीचा हप्ता भरून टाकला.

जानेवारीत पत्नीच्या डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया आहे. विम्याच्या फाईलवर तिने जाड मार्करने, स्वतःला चष्म्याविना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे: ‘खोली पाच हजारांच्या आत. खिडकी नको.’